धमनीच्या पानावरचं परकं नाव

१

‘रुग्णांच्या नोंदी सुरक्षित राहाव्यात म्हणून मेघपेटीच वापरा. वरच्या कोपऱ्यातलं हिरवं बटण दाबा आणि निश्चिंत व्हा.’

वाक्यं दोनच. पण त्यांनी एका पोरीची अब्रू चव्हाट्यावर आणली. आणि मी, कौशल्या, भिलाईच्या पोलाद प्लांटच्या सेफ्टी खात्यातून निवृत्त झालेली, ‘आता कुणाच्या भानगडीत पडणार नाही’ असं घरच्यांना कबूल केलेली बाई, पुन्हा चौकशीला उभी राहिले. कबूल केलेलं सगळंच पाळलं तर माणसाला जगायला उरतं काय?

‘धमनी’ हे सॉफ्टवेअर आहे. सिकल सेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांच्या नोंदी ठेवायचं, खेड्यापाड्यांतल्या लहान दवाखान्यांसाठी. फुकट आहे आणि उघडं आहे, म्हणजे त्याचा कोड कोणीही वाचावा, वापरावा, सुधारावा. हुडको वसाहतीतल्या एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीतून ते चालतं. चालवणारे आम्हीच, नागपूरकडून भट्टीवर कामाला आलेल्यांची पोरंबाळं आणि पेन्शनर.

ते कसं बसवायचं, कसं वापरायचं, ही सगळी माहिती टीनानं लिहिली. तिनं पहिल्याच पानावर नियम घातला होता. ज्याच्यावाचून धमनी चालणारच नाही, तेवढ्याच परक्या मालाचं नाव घ्यायचं, आणि घेतलं तरी त्याचं कौतुक करायचं नाही. लोक तिला हसायचे. ती ऐकून घ्यायची आणि नियम जागेवर ठेवायची.

तरी त्याच माहितीच्या पानावर एक दिवस ती दोन वाक्यं उगवली, मेघपेटी नावाच्या एका कंपनीच्या विकतच्या सॉफ्टवेअरची तारीफ करणारी. नियम कशासाठी होता ते दयारामच्या फोननं कळलं. दयाराम डोंगरगडच्या अलीकडे एका गावच्या दवाखान्यात नोंदी ठेवतो. म्हणाला, “ताई, आमच्याइथं मेघपेटी नाही, अन् घ्यायची ऐपतबी नाही. म्हणून धमनी बंदच करून ठेवली. फुकटातली ट्रायल उतरवून पायली, तर ते हिरवं बटण मले कुठंच दिसलं नाही. आता नोंदी कशात करू?”

एका नावानं चालू दवाखान्याची नोंद बंद पडली होती.

पानावरच्या प्रत्येक बदलामागे तो कोणी केला आणि केव्हा केला, हे आपोआप नोंदलं जातं. सगळ्यांनी पाहिलं. बदल शुक्रवारी दुपारचा होता आणि नाव होतं टीनाचं.

कुंपणानंच शेत खाल्लं, असा बोभाटा झाला. आमचे अध्यक्ष राजकुमारसाहेब यांनी रविवारी सकाळी बैठक बोलावली. विषय एकच, टीनाला काढून टाकणे.

मी तडक तिच्या घरी गेले.

“तू लिहिलंस?”

“नाही, काकू.”

“मग कोणी?”

तिनं माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे.

“ते मी नाही सांगणार. काढू द्या मले.”

२

अशा चांगुलपणाची मला चीड आहे. स्वतः फासावर जायचं आणि वर दोरही आपणच वळून द्यायचा. मी म्हटलं, “हे बघ पोरी, मी जळालेल्या केबलीकडून खरं काढून घेतलेली बाई आहे. तू तर बोलती आहेस.”

तिची आई पोहे घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. आईसमोर टीनाचा धीर सुटला.

“शुक्रवारी दुपारपर्यंत माही ड्यूटी होती. मग शामरावकाका आले. त्याईले चार्ज दिला अन् घरी आली.”

“कॉम्प्युटर बंद करून?”

“काका बंद करूच देत नाही ना! चालू पॅनल बंद करणं म्हणजे पाप म्हणते. मी उठते, ते बसते. माहं नाव तसंच चालू राहते.”

मला हसू आलं आणि अंगावर काटाही आला. शामराव ब्लास्ट फर्नेसच्या कंट्रोल रूममध्ये आयुष्य काढलेला माणूस. तिथं पॅनल कधी बंद होत नाही आणि कधी रिकामंही राहत नाही. खुर्ची गरम असतानाच दुसरा बसतो. आमच्या पेन्शनरांनी ती शिस्त हुडकोतल्या खोलीत जशीच्या तशी आणली होती. भट्टीला जे अमृत, ते कॉम्प्युटरला विष, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. भिलाईबाहेरच्या माणसाला ही चूक करायला सांगितली असती तरी सुचली नसती.

“म्हणजे ते वाक्य शामरावांच्या ड्यूटीत पडलं.”

“म्हणूनच मी बोलत नाही. बाबा गेले तेव्हा आमच्या दारात पहिल्यानं हेच काका आले होते, अन् बाकीचे मागून. त्याईले मराठी टाइपबी नाही करता येत, फक्त फोन घेते. पण मी नाव घेतलं तं बैठकीत त्याईची काय गत होईन?”

“आणि तुझी?”

“मी तरुण आहे. सोसून घेईन.”

“सोसायचं काही कारण असेल तर सोस,” मी म्हणाले. “दुसऱ्याचं पाप सोसण्यात पुण्य नसतं.”

शामरावांना टाइप करता येत नाही. खुर्ची त्यांनी रिकामी सोडली नसणार. मग वाक्य लिहिलं कोणी?

३

धमनीचा कोड लिहिणारा मोहित. हुशार आणि चिडका पोरगा, घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी. त्याला मी हुडकोच्या चौकातच पकडलं, चहाच्या टपरीवर.

“हिरव्या बटणाबद्दल बोल,” मी म्हटलं. “दयारामला ते दिसत नाही.”

“उसको कैसे दिसणार? ते नवीन व्हर्जनमध्ये आहे. अभी मार्केटमध्ये आलंच नाही.”

बोलून गेला आणि थांबला. माझाही चहाचा कागदी पेला ओठापाशीच थांबला.

“बाजारात आलं नाही, तर तुला कसं ठाऊक?”

त्याचा चेहरा उतरला. “काकू, मी रायपूरले गेलतो. मेघपेटीवाल्यांच्या ऑफिसात, नोकरीच्या इंटरव्ह्यूले. तिथं त्याईनं नवीन स्क्रीन दाखवली. पण मी कुछ नहीं किया. कसम से. ज्या शुक्रवारी ते वाक्य आलं, त्या दिवशी मी रूमवर गेलोबी नाही.”

“साक्षीदार?”

“घरीच झोपलो होतो.”

झोपेला साक्षीदार नसतो. मी विचारलं, “स्क्रीन दाखवली तेव्हा तिथं आणखी कोण होतं?”

“बहुत लोग थे.”

“आपल्यापैकी कोणी?”

तो पैसे द्यायला वळला. वळायची काही गरज नव्हती, पैसे मी आधीच दिले होते.

“नोकरीसाठी तुझी शिफारस कोणी केली होती, मोहित?”

“काकू, प्लीज. घरात माझ्याकडं सगळे आशेनं बघून राहिले.”

एवढं म्हणून तो गाडीला किक मारून निघून गेला. नोकरीची गरज असलेला, हिरवं बटण पाहिलेला आणि प्रश्न टाळणारा पोरगा. दुसरं कोणी चौकशीला असतं तर तिथंच कागद आवरले असते.

४

राजकुमारसाहेब आमच्यातले सगळ्यात मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. अजूनही आम्ही त्यांना साहेबच म्हणतो, ही आमची जुनी खोड. टीनाचा विषय काढताच त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

“दुःख तर मलाच सर्वात जास्त आहे, कौशल्याताई. मुलगी गुणी आहे. पण शिस्त म्हणजे शिस्त.”

“तिनं काय म्हणून लिहिलं असेल?”

“मोह. कोणाला होत नाही? आणि खरं सांगू का, तो नियमच पोरकट होता. मोठ्या नावाचा टेकू नसला तर आपल्याला विचारतं कोण? मेघपेटीसारखं नाव पानावर असलं की सरकारी माणूससुद्धा खुर्ची देतो.”

“म्हणजे वाक्य ठेवायचं आणि पोरीला काढायचं?”

ते हसले. “तुम्ही सेफ्टीवाले सरळ मानेवरच हात घालता.”

“मेघपेटी तुम्ही पाहिलीय?”

“मी? छे! मला ह्या वयात कुठं जमतं ते.”

“शुक्रवारी खोलीवर गेला होता?”

“गेलो असेन. ड्यूटी नसली तरी रोजच चक्कर असते माझी. शामराव बसले होते. त्यांनाच विचारा ना, ते काही पॅनल सोडणारे नव्हेत.”

विचारायला तर मी निघालेच होते. पण साहेबांनी त्यांचं नाव इतक्या प्रेमानं पुढे केलं की मला रस्ताभर त्याचीच रुखरुख लागली.

५

बोरसीत शामरावांच्या घरी गेले तेव्हा ते स्वयंपाकघरात गॅसपाशी उभे होते. वर दूध तापत होतं. मी आल्याचा त्यांना आनंद झाला आणि माझा प्रश्न ऐकून तो गेला.

“शामराव, शुक्रवारी तुम्ही कॉम्प्युटर सोडून कुठं गेला होता का?”

“कोण म्हणते?” ते ताडकन म्हणाले. “मी पॅनल सोडलं असं कोण म्हणते, त्याले माह्यासमोर आणा! उभ्या नोकरीत सोडलं नाही, अन् आता सोडीन? संध्याकाळपर्यंत चार्ज माहा होता.”

“रागावू नका जी.”

“रागावू नको तं काय करू? त्या पोट्टीवर बालंट आलं, अन् तुमी मले विचारून राहिल्या. तिनं नाही लिहिलं. मी रविवारी सांगणार आहो.”

“लिहिलं नाही तर मग कोणी?”

“मले का माहीत? मले ते खटखट करता येते का?”

खोटं बोलत नव्हते. अपघाताच्या चौकशीत मी इतकी खोटी माणसं पाहिली आहेत की खरा माणूस लगेच ओळखू येतो. पण एकाच खोलीत, एकाच यंत्रावर, एकाच दुपारी, या माणसाच्या नाकासमोर ते वाक्य लिहिलं गेलं, हेही खरं होतं. दोन खऱ्या गोष्टी एकमेकींना टक्कर देत असल्या तर गोष्टींमध्ये चूक नसते. चूक विचारणाऱ्यात असते.

तेवढ्यात बाहेर भाजीवाल्यानं हाक दिली. शामराव जागचे हलले नाहीत. त्यांनी अंगणाकडे तोंड करून आवाज दिला, “अंजना! दुधापाशी ये.”

त्यांच्या बायको अंजनाबाई कपडे वाळत घालायचे सोडून आल्या. त्या गॅससमोर उभ्या राहिल्या, पातेल्यात वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, “हं. पायते मी.” तेव्हा कुठं शामराव दाराकडे गेले. लौकी घेतली, भाव केला, दोन शब्द गावच्या पाण्यावर बोलले आणि परत आले. अंजनाबाई बाजूला झाल्या.

मला राहवलं नाही. “अंजनाबाई, शामराव दूध सोडून बाहेर गेले होते की नाही?”

शामरावच मध्ये पडले. “सोडून कावून? ती उभी होती ना!”

अंजनाबाईंनी चहा दिला. मी तो घाईघाईत प्याले आणि जीभ भाजून घेतली. कारण मला आता फक्त रविवार हवा होता.

६

रविवारी सकाळी शिंप्याचं दुकान बंद होतं आणि वरची खोली माणसांनी भरली होती. कोपऱ्यात तो कॉम्प्युटर चालूच होता. टीना दाराशी बसली होती, हात मांडीवर ठेवून. राजकुमारसाहेबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, “फार बोलायला नको. हात वर करून मत घेऊ.”

“आधी मी बोलणार,” मी म्हटलं.

“ताई, आज चौकशी नाही.”

“नाही कशी? पोरीला काढताय आणि चौकशी नाही? कोंबडी कापतानाही माणूस जरा थांबतो.”

खोलीत हशा पिकला. साहेब बसले. मी उभी राहिले.

“ज्यानं वाक्य लिहिलं त्यानं हिरवं बटण पाहिलेलं होतं. ते बटण अजून बाजारात नाही. ते फक्त रायपूरच्या ऑफिसात दाखवलं. टीना तिथं कधी गेली नाही. शामरावांना तर मेघपेटी खायची की ल्यायची हेही ठाऊक नाही.”

सगळ्यांच्या माना मोहितकडे वळल्या. त्यानं खाली पाहिलं.

“थांबा. मोहितनं बटण पाहिलंय. पण वाक्य लिहायचं तर टीनाच्या नावानं चालू असलेल्या त्या खुर्चीत बसावं लागतं. खुर्चीत होते शामराव. मी त्यांना विचारलं, पॅनल सोडलं का? ते म्हणाले, नाही. तुम्हीही सगळ्यांनी हेच विचारलं आणि त्यांनी तुम्हालाही खरंच सांगितलं. आपला प्रश्न खोटा होता. कंट्रोल रूमच्या माणसानं दुसऱ्याला चार्ज देऊन जागा दिली, तर त्याच्या लेखी ते सोडणं नव्हे. आणि तो चार्ज देणार कोणाला? ज्याचं नाव ड्यूटीत आहे त्यालाच. मोहित कधी ड्यूटीवर बसत नाही. तो दाराशी येऊन रडला असता तरी शामरावांनी त्याला खुर्चीला हात लावू दिला नसता. ड्यूटी करणारे आपल्यात तीनच. टीना घरी गेली होती. शामराव बसले होते. उरलं कोण?”

मी शामरावांकडे वळले.

“शामराव, शुक्रवारी दुपारी तुम्ही चार्ज कोणाला दिला होता?”

ते सहज म्हणाले, “साहेबाले. मी खाली चहा प्यायले गेलतो. साहेबच म्हणे, जा, मी बसतो. वापस आलो तं त्याईनं चार्ज मले दिला.” आणि मग ते काय बोलले ते त्यांच्याच कानांत शिरलं. ते उठून उभे राहिले. “साहेब?”

राजकुमारसाहेब शांतपणे म्हणाले, “बसलो असेन. बसणं म्हणजे लिहिणं नव्हे. ते बटण मी पाहिलेलं नाही. पाहणारा तिथं बसलाय.” त्यांनी मोहितकडे बोट केलं.

ते बोट त्यांना महागात पडलं. मोहित उठला. त्याचा आवाज चढत गेला.

“साहेब, आप भी वहाँ थे. पहिल्या रांगेत. माही शिफारस तुमीच केली, म्हणून मी चूप होतो. टीनाले काढून राहिले तरी चूप होतो. आता नाही राहत. नोकरी गयी तो गयी.”

साहेबांनी चष्मा काढला. यावेळी पुसला नाही.

“मी काय वाईट केलं?” ते म्हणाले, आणि साहेबी सुटून खरा माणूस बाहेर आला. “मेघपेटीवाले आपली धमनी सगळ्या राज्यात नेणार होते. त्यांची अट एवढीच होती की आपल्या माहितीत त्यांचं नाव असावं. टीना हो म्हणाली नसती. मशीन चालू होतं, तिचं नाव त्यावर होतं. तिनंच लिहिलं म्हटल्यावर कोणी शंका घेणार नाही असं वाटलं. एवढा गाजावाजा होईल, हे मला काय माहीत?”

“आणि तुम्हाला काय मिळणार होतं?”

“सल्लागारपद,” ते पुटपुटले. “घरी बसून कुजतोय मी, कौशल्याताई.”

मला त्यांची दया आली, आणि त्या दयेचाही राग आला. म्हटलं, “गाजावाजा झाल्यावर तरी बोलायचं होतं. तुम्ही तर बैठकच बोलावलीत. नावाचा टेकू म्हणता? आपल्या बापांची नावं कुठल्या पाटीवर होती हो? तरी भट्टी विझली नाही.”

शामराव फक्त एवढंच म्हणाले, “भट्टीत असा चार्ज घेतला असता तं माणसं मेली असती, साहेब.”

राजकुमारसाहेबांनी हात जोडले. “मी पद सोडतो. पान गुपचूप दुरुस्त करा आणि विषय इथंच संपवा. बाहेर बोभाटा नको.”

अर्ध्या माना डोलल्या. आमची माणसं अशीच, भांडण मिटलं की न्याय झाला असं धरून चालणारी. लोक चपला शोधायला लागले.

“नाही,” टीना म्हणाली.

ती दाराशी उभी होती, आणि दार तिच्या पाठीमागे होतं.

“गुपचूप नाही. ते वाक्य माह्या नावानं साऱ्या दुनियेनं वाचलं. दयारामभाऊनं वाचलं अन् धमनी बंद केली. आपला इतिहास खोडता येत नाही, अन् येऊबी नये, तेच तं उघड्या सॉफ्टवेअरचं इमान आहे. तुमी माह्या नावानं घातलं, आता तुमच्या नावानं काढा. अन् कावून काढून राहिले, तेबी लिहा.”

“टीना, ते कायमचं राहील गं. जगभरातली माणसं वाचतील.”

“माहंबी वाचूनच राहिले होते ना, काका.”

साहेबांवरून ते काकांवर आले होते. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही, ठाऊक नाही. ते कॉम्प्युटरपाशी जाऊन बसले. टीनानं आपलं चालू असलेलं नाव बंद केलं, शामरावांसमोर, आणि शामराव काही बोलले नाहीत. साहेबांनी आपलं नाव घातलं. दोन वाक्यं पुसली. खाली कारण लिहायच्या जागी टाइप केलं, ‘चुकीचा मजकूर काढला.’

“कोणी घातला होता?” टीनानं मागून विचारलं.

त्यांनी ते पुसलं. पुन्हा लिहायला बराच वेळ लागला. ‘हा मजकूर मी, राजकुमार, टीनाच्या नावाने घातला होता. नियमाविरुद्ध होता. मीच काढत आहे.’

बोट बटणावर थांबलं. त्यांनी खोलीभर पाहिलं, कोणीतरी ‘जाऊ द्या’ म्हणेल म्हणून. मोहित नजर वळवेल असं मला वाटलं होतं. त्यानं वळवली नाही.

“दाबा, काका.”

त्यांनी दाबलं.

टीनानं पान उघडून वरपासून खालपर्यंत वाचलं. मग ती आमच्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नाही.

“बैठक मले काढाले बोलावली होती ना?” ती म्हणाली. “मग आता ज्याले काढाचं आहे, त्यानं हात वर करा.”

एकही हात हलला नाही. राजकुमारसाहेबांचे तर अजून कीबोर्डवरच होते.